एवीतेवीकाका

मिशिगनमधल्या ट्रॉय गावात काकांचं खरं नाव दोघांनाच ठाऊक आहे. एक टपालवाला आणि दुसऱ्या काकू. त्यातल्या काकू ते उच्चारत नाहीत. बाकी आम्हा मराठी मंडळींत ते एवीतेवीकाका. "एवीतेवी खोललंच आहे तर..." हे त्यांचं वाक्य पुरं ऐकलेला माणूस विरळा, कारण 'तर' येईस्तोवर शहाणा माणूस दारातल्या चपलांपाशी पोचलेला असतो. मी पडलो शेजारी. शेजाऱ्याला चपला असून नसून सारख्याच. त्यामुळे बॉल जॉइंट कुठला आणि टाय रॉड एंड कुठला हे मला आज डोळे मिटून, नुसत्या बोटांनी सांगता येतं, आणि ऑफिसातल्या मीटिंगमध्ये मी नखं दिसू नयेत म्हणून हात टेबलाखाली ठेवतो.

काका मूळचे चिंचवडचे. तरुणपणी पिंपरीच्या टेल्कोत काही वर्षं ट्रकच्या पाट्यांशी झटले, मग मास्टर्स करायला इकडे आले आणि डेट्रॉईटच्या एका मोटार कंपनीत चिकटले. पाट्यांचा अनुभव आहे म्हटल्यावर आपल्याला चॅसी विभागात घेणार याबद्दल त्यांना शंकाच नव्हती. त्यांना ग्लव्ह बॉक्सच्या झाकणावर बसवलं. तात्पुरतं. ते तात्पुरतं तीस वर्षं चाललं. त्या कंपनीच्या लाखो गाड्यांची झाकणं 'खट्' न करता 'टप्' करून मिटतात, त्यामागे एका चिंचवडकराचं तारुण्य आहे. पण कँटीनमध्ये चॅसीवाल्यांचं टेबल वेगळं असे. ते लोक जेवताजेवता दोन्ही तळव्यांनी वळणं घेत, मीठदाणी टेबलावरून घसरवून दाखवत आणि मोठमोठ्याने हसत. काका आपली पोळीभाजी घेऊन ट्रिमवाल्यांत, एका कपहोल्डरवाल्याच्या शेजारी. तीस वर्षांत त्या टेबलावरून त्यांना एकदाच हाक आली, ती यांच्याकडची मीठदाणी मागायला.

निवृत्त झाल्यावर माणसं फ्लोरिडात घर बघतात, मंडळाच्या नाटकात म्हाताऱ्याचं काम मागतात, नातवंडांच्या मागे श्लोक घेऊन धावतात. काकांनी १९६७ची पाँटियाक जीटीओ घेतली.

या गाडीचा जन्मच मुळी पळवाटेतून झालेला. जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता, की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन घालायचं नाही. त्यांच्याच पाँटियाक विभागाचे जॉन डिलोरियन आणि त्यांच्या मंडळींनी १९६४च्या टेम्पेस्टला ३८९ घनइंचांचं इंजिन 'ऑप्शन' म्हणून देऊ केलं. नियम गाडीला होता, ऑप्शनला नव्हता. (असा बारकावा शोधणारा माणूस आपल्याकडे हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी झाला असता.) जीटीओ हे नाव फेरारीचं उचललं. अमेरिकन मसल कारची वंशावळ बहुतेक लोक तिथून मोजतात. काकांच्या १९६७च्या मॉडेलात ते इंजिन ४०० घनइंचांवर, म्हणजे साडेसहा लिटरवर गेलेलं. मारुती ८००ची आठ इंजिनं त्यात मावावीत. ताकद ३३५ हॉर्सपॉवर. आणि हा सगळा जोर सरळ रेषेतला. वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर एका सिग्नलपासून पुढच्या सिग्नलपर्यंत शर्यत लावायची, एवढंच त्या काळच्या पोरांचं मागणं. "वळायचं असेल तर उतरून चालत जावं," असं काका म्हणतात.

इथले लोक जीटीओला लाडाने 'गोट' म्हणतात. काकूंनी पहिल्याच दिवशी तिचं 'बोकड' करून टाकलं.

ही गाडी वळत का नाही, हे काकांनी मला मारी बिस्किटावर शिकवलं. चहाच्या टेबलावर बिस्कीट उभं धरलं आणि म्हणाले, "हे बाहेरचं पुढचं चाक. गाडी वळणात कलली की सगळा भार याच्यावर येतो आणि हे वर दाबलं जातं. अशा वेळी याचा माथा किंचित आत झुकायला पाहिजे, म्हणजे टायर पुरा टेकतो. पण आपल्या गाडीत चाकामागचा स्पिंडल बुटका. म्हणून त्याला धरणाऱ्या वरच्या आर्मचं बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा खाली. मग चाक वर गेलं की माथा कुठे जाणार?" मी म्हटलं, आत. "बाहेर!" असं ओरडून काकांनी बिस्कीट बाहेर झुकवलं. ते मोडून माझ्या चहात पडलं. "बघ! ऐन गरजेच्या वेळी नुसत्या कडेवर उभं!"

पुढे न्यायबुद्धीने त्यांनी हेही सांगितलं, की त्या इंजिनिअरांना अक्कल नव्हती असं नाही. तेव्हा टायर जुन्या पद्धतीचे, आपल्याकडे ज्यांना नायलॉन टायर म्हणायचे तसले. त्यांच्या भिंती लिबलिबीत. त्यांना साजेल असंच अलाइनमेंट फॅक्टरीत ठरलेलं. शिवाय वळणात जास्तच जोर झाला तर गाडी मागून गरकन फिरण्यापेक्षा पुढून सरकत जावी, म्हणजेच अंडरस्टिअर व्हावी, हे त्यांनी मुद्दामच राखलेलं. घाबरलेल्या माणसाला ते बरं पडतं. रेडियल टायर घातल्यावर मात्र तीच मापं चुकीची ठरतात. हे सांगताना काकांचा आवाज चॅसीवाल्यांच्या टेबलावर बसल्यासारखा लागतो.

काम सुरू झालं ते एका बुशपासून. पुढच्या खालच्या आर्ममधलं रबर पन्नास वर्षांनी खरवडलेल्या साबणासारखं झालं होतं, ते बदलायचं, चारशे डॉलरांत आणि दोन शनिवारांत. बुश काढायचे म्हणजे आर्म काढायचा. आर्म काढायचा म्हणजे स्प्रिंग सोडवायची. एवीतेवी स्प्रिंग निघालीच आहे तर जुनी परत कशाला घालायची. नव्या स्प्रिंगला जुना शॉकअप शोभत नाही. एवीतेवी सगळं मोकळं आहे तर वरचे आर्मही नवे, उंच बॉल जॉइंटचे घालू, म्हणजे बिस्किटाचा प्रश्न मिटेल. ते घातले की स्टिअरिंगचे सांधे कुरकुरायला लागतात, त्यांची उंची जुळली नाही तर खड्ड्यात चाक आपलं आपण वळतं, म्हणून ते. आणि पुढून गाडी इतकी सुधारली, की मागचा भाग तिच्यापुढे अडाणी दिसायला लागला. गाडी घोड्यांवर चढली तेव्हा नुकतीच पानगळ सुरू झाली होती. उतरली तेव्हा दुसऱ्या पानगळीची पानं गॅरेजमध्ये उडत येत होती.

मेथीची जुडी अर्ध्या डॉलरने महागली म्हणून ग्रोसरीवाल्याशी इंग्रजी, हिंदी आणि मोडक्या गुजरातीत वाद घालणारा हा माणूस शॉकअपची किंमत विचारतसुद्धा नाही. फक्त खोकी माझ्या पत्त्यावर मागवतो. मला वाटायचं, काकूंना पत्ता लागू नये म्हणून. पण काकू उभा जन्म एका हॉस्पिटलच्या अकाउंट्समध्ये होत्या. त्यांनी एकदा मला घरखर्चाची वही दाखवली. प्रत्येक खोक्याची तारीख आणि रक्कम तीत बिनचूक होती, 'देवधर्म' या सदराखाली. "अहो, पैसे जातात, दिसत काही नाही, आणि माणूस शांत राहतो," काकू म्हणाल्या. "दुसरं सदर कुठलं घालू?"

काकांच्या ज्ञानातलं सगळ्यात लाडकं सूत्र आहे ते अँटी रोल बारचं. हा बार म्हणजे डाव्या आणि उजव्या चाकाला जोडणारी जाड सळई. वळणात गाडी कलायला लागली की ती पिळली जाते आणि कलणं आवरते. तिचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. एक इंची बार काढून सव्वा इंची घातला, तर दिसायला पाव इंच, पण ताठपणा जवळजवळ अडीचपट. हे चौथ्या घाताचं प्रकरण काका लग्नसमारंभातही सांगतात. एकदा मंडळाच्या अध्यक्षांनी गणपतीच्या मांडवाला आडवा बांबू बांधायला काढला, तेव्हा काकांनी त्यांना थांबवून बांबूचा व्यास मोजला आणि आरती वीस मिनिटं लांबली.

चूक झाली ती मागच्या बाजूला. जीटीओचा मागचा अ‍ॅक्सल चार आर्मांवर तोललेला. त्यातले वरचे दोन तिरपे बसवलेले, त्यामुळे गाडी कलली की ते थोडे पिळले जायला हवेत. रबरी बुश ती पिळवणूक मुकाट सोसतं. काकांनी आठही ठिकाणी रबर काढून टणक पॉलीयुरेथेन ठोकलं. पहिला परिणाम कानांवर झाला. गाडी आमच्या कॉलनीतल्या गतिरोधकावरून गेली की एखादा जुना वाडा दार उघडतोय असा आवाज येई, आणि समोरच्या घरातला कुत्रा त्याला उत्तर देई. दुसरा परिणाम हायवेच्या गोल रॅम्पवर दिसला. मागची बाजू बराच वेळ काही म्हणाली नाही, आणि मग एकदम सुटली. ओल्या रस्त्यावर बोकडाने जागच्या जागी तोंड फिरवून आल्या वाटेकडे पाहिलं. काका शांतपणे उतरले, गाडीखाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "बाइंड होतंय." काकूंनी शेजारच्या सीटवरून विचारलं, "काय होतंय?" "वरच्या आर्मांना मोकळीक नाही गं. सगळं घट्ट करून चालत नाही." काकू इतकंच म्हणाल्या, "हे तुम्हाला आज कळलं?"

वरच्या आर्मांत मऊ रबर परत आलं.

आता मुख्य पेच. गाडी रस्त्यावरही चालली पाहिजे आणि ट्रॅकवरही. ट्रॅकला ताठपणा हवा. तिथलं डांबर गुळगुळीत. मिशिगनच्या रस्त्याची गोष्ट निराळी. हिवाळ्यात फटींत पाणी शिरतं, गोठतं, फुगतं, वितळतं आणि परत गोठतं. एप्रिल उजाडला की हायवेला असे खड्डे पडतात, की माणसाला सातारा रस्त्याची आठवण येऊन गहिवरून यावं. त्यात मीठ. हिवाळाभर रस्त्यावर इतकं मीठ पसरतात, की जुन्या गाडीचं पत्र्याचं पोट त्याने खाऊन टाकावं. म्हणून बोकड नोव्हेंबरपासून रजईत. उरलेल्या महिन्यांसाठी काकांनी दोन-दोन बटणांचे शॉकअप घेतले. स्प्रिंग वजन पेलते, शॉकअप तिचं हिंदकळणं मारतो, हे धडे माझे झालेच होते. यातलं एक बटण चाक वर जाताना किती अडवायचं ते ठरवतं, दुसरं चाक खाली येताना. चार शॉकअप, आठ बटणं आणि एक वही. काकांनी वहीत दोन भाग केले. एकावर 'रस्ता' आणि दुसऱ्यावर 'ट्रॅक'.

रस्त्याची परीक्षा काकूंच्या पायांत असते. मंडळाच्या जेवणाला काकू कढी नेतात; ते पातेलं झाकण लावून, फडकं बांधून त्या दोन्ही पावलांमध्ये धरून बसतात. पोचल्यावर काका आधी फडकं तपासतात. फडकं कोरडं, तर मापं वहीत कायम. पिवळा डाग एका बाजूला, तर गाडी कलते आहे. डाग सगळीकडून सारखा, तर शॉकअप मऊ पडतोय. आणि कढी काकूंच्या साडीवर, तर स्प्रिंगच बदलायची. इथल्या मोठमोठ्या कंपन्यांकडे खड्ड्यांचे कृत्रिम रस्ते आहेत, सेन्सर आहेत, काय काय आहे. पण फोडणीच्या कढीला थापा मारता येत नाहीत.

वळणांची परीक्षा मात्र वुडवर्डवर. हा रस्ता डेट्रॉईटमधून निघून वीसेक मैल सरळ पाँटियाक गावाला जातो. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी तिथे ड्रीम क्रूझ भरते. १९९५पासूनची परंपरा, हजारो जुन्या गाड्या, आणि वेग बैलगाडीने हसावं असा. त्या दिवशी सस्पेन्शनचा काही संबंध येत नाही, फक्त रेडिएटरचा येतो. एरवी काका तिथे मिशिगन लेफ्ट घ्यायला जातात. आमच्या राज्यात मोठ्या रस्त्यावर डावीकडे वळायचं तर चौक ओलांडून पुढे जायचं, दुभाजकातल्या फटीतून उलटं फिरायचं आणि मागे येऊन चौकात उजवीकडे वळायचं. परक्या माणसाला हा प्रकार वेडेपणा वाटतो. काकांना तो फुकटचा ट्रॅक वाटतो. एका फटीतून गेले, पुढच्या फटीतून परत, पुन्हा पहिलीतून. एका संध्याकाळी पोलिसाने थांबवून विचारलं, की आपण काही शोधताय का. काका म्हणाले, "हो. अंडरस्टिअर."

ट्रॅकच्या तयारीचा कळस म्हणजे वजनं. चारही चाकांखाली चार इलेक्ट्रॉनिक काटे ठेवायचे, चालकाच्या जागी चालकाइतकं वजन ठेवायचं, आणि पुढच्या डाव्या नि मागच्या उजव्या चाकांवर मिळून बरोबर निम्मा भार येईपर्यंत स्प्रिंगांच्या खालच्या चकत्या फिरवायच्या. नाही तर गाडी एका बाजूला छान वळते आणि दुसऱ्या बाजूला कुरकुरते. काका १६० पौंडांचे. स्वतःच आत बसले तर चकत्या कोण फिरवणार, म्हणून बासमतीच्या वीस पौंडी आठ पिशव्या सीटवर रचल्या आणि पट्टा लावला. रस्त्यासाठी शेजारी काकूही धरायला हव्यात. काकूंनी आपलं वजन लगेच सांगितलं. काकांनी पेन्सिल कानावरून काढून विचारलं, "सकाळचं का रात्रीचं?" त्या दिवसापासून वहीत 'काकूंसह' आणि 'काकूंविना' अशी दोन मापं आहेत. काकूंविनाचं माप काढायला तिप्पट वेळ लागला.

शेवटी एका जूनमध्ये आम्ही वॉटरफर्ड हिल्सच्या ट्रॅकवर पोचलो. पाँटियाकजवळचाच जुना ट्रॅक. दीड मैलाचाही नाही, पण चढउतार आणि वळणं एकापाठोपाठ एक. आदल्या रात्री काकांनी काकूंविनाची सगळी मापं लावली होती. कॅम्बर, म्हणजे बिस्किटाचा तो झुकाव, उणे दीड अंश, बटणं ट्रॅकच्या पानावरची. हेल्मेट घालून ते बसले, आणि एक अगडबंब गृहस्थ शेजारचं दार उघडून आत शिरला. नवशिक्याबरोबर इन्स्ट्रक्टर बसलाच पाहिजे, असा नियम. काकांनी आधी गाडीच्या बसलेल्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आपलं वजन काय?" त्याला आयुष्यात पहिल्या भेटीत हे कोणी विचारलं नसावं. "दोनशे साठ." काकांनी पाना मागितला. मागे रांगेतल्या गाड्यांनी हॉर्न दिले, म्हणून तो मिळाला नाही.

पहिल्या काही फेऱ्या मी कठड्यापाशी काकूंशेजारी उभा राहून पाहिल्या. काका प्रत्येक वळणाला नमस्कार करून जात होते. मागून मिआटा आल्या, एक जुनी होंडा आली, कुणीतरी घरची व्हॅन आणली असती तर तीही आली असती. आणि काका खिडकीतून हात काढून सगळ्यांना पुढे जाऊ देत होते, लक्ष्मी रोडला रिक्षावाल्यांना देतात तसा, मनगटातून. दीड वर्षाची मेहनत, चौथा घात, आठ बटणं, आणि वेग असा, की मूळच्या खरवडलेल्या रबरानेही आनंदाने निभावून नेला असता. काकू म्हणाल्या, "कढी असती तरी सांडली नसती."

मग काय झालं ते इन्स्ट्रक्टरने नंतर सांगितलं. एका वळणाच्या कडेला चाक उंचवट्यावर आपटलं आणि ग्लव्ह बॉक्सचं झाकण पडून त्याच्या गुडघ्यावर आलं. त्याने ते लावलं. पुढच्या वळणाला परत पडलं. काका म्हणाले, "त्याला तसं लावू नका. त्याची जीभ आधी थोडी वर घ्या." आणि तिथून ते सुरूच झाले. १९६७चं कुलूप कसं, त्यातली स्प्रिंग कुठे थकते, झाकणाच्या बिजागरीवर भार कसा येतो, 'खट्' कशाने होतं आणि 'टप्' कशाने करता येतं. तीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, आणि इथे एक माणूस पट्ट्याने बांधून, झाकण हातात धरून बसलेला. बोलण्याच्या नादात काकांचा पाय ब्रेकवरून कधी उठला ते त्यांना कळलं नाही. आम्हाला बाहेरून एवढंच दिसलं, की बोकड टेकडीवरून खाली आला, जराही न कलता वळणात शिरला, आतल्या कडेला चाटून बाहेर पडला, आणि पुढची मिआटा खिडकीतून हात काढून त्याला वाट देत होती. काकूंनी माझा दंड घट्ट धरला होता. "अहो, हे कोण चालवतंय?"

गाडी आत आली तेव्हा इन्स्ट्रक्टरने काकांच्या पाठीवर थाप मारली. तो म्हणाला, इतकी समतोल जीटीओ आपण पाहिली नाही, सस्पेन्शन कुणी केलं? चार-पाच जण जमा झाले, खाली वाकून आर्म बघायला लागले. काका त्यांना दोन्ही तळव्यांनी वळण घेऊन दाखवत होते. मधेच कुणीतरी विचारलं, ते झाकण का लोंबतंय. काका म्हणाले, "ते माझं खातं नाही."

परत येताना ते गप्प होते. मला वाटलं, दमले असतील. वुडवर्डला लागल्यावर त्यांनी काकूंकडून वही मागून घेतली आणि तिसरा रकाना पाडला: 'इन्स्ट्रक्टरसह'. मग आरशातून माझ्याकडे पाहिलं. पौंडांचा हिशोब मला तिथेच दिसला. २६० म्हणजे तांदळाच्या तेरा पिशव्या, वर काकांच्या आठ. आणि घरात तर आता चारच उरल्या होत्या, बाकीच्यांचा मंडळात मसालेभात झाला होता.

"तू किती भरतोस रे?"

"एकशे नव्वद, काका."

"म्हणजे सत्तर कमी." त्यांनी थोडा विचार केला. "शनिवारी सकाळीच ये. आणि अगं, याला मांडीवर घ्यायला ते जुने ब्रेक ड्रम काढून ठेव. चारही. एवीतेवी..."

"गाडी थांबवा," काकू म्हणाल्या, "त्याला इथेच उतरू द्या."